एकतीस नंबरचं बी

कापसातून बी हाताने सोडवायला बसावं, तेव्हा कळतं की ती दोघं एकमेकांना किती घट्ट धरून असतात. दोन बोटांनी कापूस ओढला तर तो येतो, पण बियेवर आपली थोडी लव ठेवूनच येतो. घाई केली तर तुटतो. त्या वर्षी, म्हणजे दोन हजार आठ साली, भाद्रपदात मी अशी शेचाळीस पिशव्यांतली बोंडं एकटीने सोडवली. नऊ दिवस लागले. नवव्या दिवशी हात धुऊन देवापुढे साखर ठेवली आणि म्हटलं, पांडुरंगा, चांगलं काम करून घेतलंस. काय काम करून घेतलं होतं, ते मला पंधरा दिवसांनी कळलं.

आमचे हे, रत्नाकर, कापसाचे शास्त्रज्ञ. मूळचे आम्ही अकोल्याकडचे. त्या सालाच्या एकोणतीस वर्षं आधी यांच्या नोकरीपायी इकडे आलो तेव्हा गावाचं नाव मद्रास होतं, निवृत्ती जवळ आली तोवर चेन्नई झालं. यांची संस्था अड्यारला, आमचं घर वेस्ट मांबलमला, स्टेशनपासून चालत सात मिनिटं. घरात आम्ही दोघंच. माझा वेळ देवात आणि कीर्तनात, यांचा वेळ तुडतुड्यात.

तुडतुडा म्हणजे तांदळाच्या कणीएवढा हिरवा किडा. कपाशीच्या पानाखाली बसतो आणि रस ओढतो. पानाच्या कडा आधी पिवळ्या पडतात, मग तांबड्या होतात, मग पान वाटीसारखं वळतं. पानावर दाट लव असली तर हा बसत नाही, हे सगळ्या जगाला ठाऊक. पण त्याच लवेत पांढरी माशी सुखाने संसार मांडते. एका पाहुण्याला दार लावावं तर दुसरा आधीच पाटावर बसलेला. यांना असं झाड हवं होतं, की पान गुळगुळीत आणि तरी तुडतुडा त्याच्याकडे पाठ फिरवील. त्याच्यासाठी सात वर्षं हे जाळीच्या खोलीत दुपारी कळ्यांचे पुंकेसर चिमट्याने काढायचे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत तिथे दुसऱ्या झाडाचा पराग लावायचे. मग दोरा, मग चिठ्ठी. सणवार नाही, रविवार नाही. "फुलाला कळतं का आज पाडवा आहे म्हणून?" असं मलाच विचारायचे.

त्या उन्हाळ्यात, जूनमधे, एक दिवस हे चपला न काढताच स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले.

"विद्यू, एकतीसवर एकही नाही."

"काय नाही?"

"तुडतुडा. दर कुंडीवर चाळीस सोडले होते. बाकीच्या पंचेचाळीस कुंड्यांवर पोरं-बाळं घालून बसलेत, आणि एकतीस नंबरच्या कुंडीवर एकसुद्धा नाही. पान बघशील तर आरशासारखं. का बसत नाहीत ते मला माहीत नाही. मला काहीही माहीत नाही!"

आपल्याला काही माहीत नाही याचा एवढा आनंद झालेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. त्या संध्याकाळी हे आपणहून माझ्याबरोबर अप्पाजीबुवांच्या कीर्तनाला आले. एरवी येत तेव्हा खांबाला टेकून झोपत. वर म्हणत, "पूर्वरंगात झोपायचं, उत्तररंगात उठायचं, कारण त्यानंतर हरभऱ्याचं सुंडल वाटतात." त्या दिवशी मात्र डोळे उघडे ठेवून बसले. मी झांज वाजवता वाजवता वळून बघितलं, तर हे बुवांकडे बघत होते आणि बोटाने गुडघ्यावर ताल धरत होते. चुकीचा, पण धरत होते.

एकतीसच्या झाडाने बोंडं दिली चारच. बाकीच्या कुंड्यांना पंधरा-पंधरा, याला चार. हे म्हणाले, "गुणी बाई आहे, पण जेवायला वाढताना हात आखडता." जुलैअखेर सगळ्या झाडांची बोंडं वेचून झाली. प्रत्येक झाडाची वेगळी कापडी पिशवी, पिशवीच्या तोंडाला नंबराची चिठ्ठी. जाळीची खोली पुढे दुसऱ्या प्रकल्पाला द्यायची होती, म्हणून नियमाप्रमाणे झाडं मुळासकट उपटून जाळली. पिशव्या यांनी घरी आणल्या. आमच्या गच्चीवर ऊन चांगलं लागतं, आठ-दहा दिवस वाळवून मग निवांत एकेक सोडवतो म्हणाले.

त्या निवांत वेळेच्या आधीच यांचे डोळे पिवळे झाले. आम्ही कावीळ समजत होतो. दवाखान्यात नळी घालून पोटातलं बघितलं, आणि डॉक्टरांनी मला एकटीला आत बोलावलं. स्वादुपिंडाचा कॅन्सर. वर्ष निघेल असं सांगता येत नाही म्हणाले. मी विचारलं, मग काय सांगता येतं? ते मोठे सज्जन होते, पाण्याचा पेला माझ्यापुढे सरकवून म्हणाले, "दिवाळी घरीच करा."

खालच्या मजल्यावर अन्नपूर्णाबाई राहायच्या. तंजावरकडच्या मराठी, सात-आठ पिढ्या इकडेच. मराठी बोलतात ती जुन्या पोथीतली वाटते, आणि मधेच तमिळ हेल येतो. त्या माझ्या कीर्तनातल्या सोबतीण. त्यांनी माझा हात धरून सांगितलं, "विद्याक्का, रडूं नको मा. लक्ष वाती बोल. कार्तिकी पुनवेस बुवांच्या कीर्तनांत लाव. मात्र कापूस मिलचा नको. यंत्रानें फाडलेल्या कापसाची वात देवास काय पोंचेल? स्वतःच्या हातानें सरकी काढलेला पाहिजे. आमच्या परसांत देवकापशीचें झाड आहे, तिकडून मागवितें."

श्रावणापासून मी वाती वळायला लागले. पोळ्या लाटून झाल्या की वाती, दवाखान्यात यांच्या उशाशी बसले की वाती. नर्स हसायच्या. पंचाहत्तर हजार झाल्या आणि तंजावरचा कापूस संपला. झाडच एक, ते तरी किती पुरणार? भाद्रपद अर्धा गेला होता. यांची दुसऱ्यांदा भरती झाली होती, पित्तासाठी बसवलेली नळी बदलायची होती. मी घरी कपडे न्यायला आले आणि पेटीवर ठेवलेल्या त्या शेचाळीस पिशव्या दिसल्या.

आता आमच्या घरची रीत सांगते, म्हणजे माझ्या हातून झालं ते कसं झालं ते समजेल. लग्न झाल्यापासून दर हंगामाला हे संस्थेतून उशीच्या अभ्र्यात भरून कापूस आणायचे. बी काढून घेतलेला, स्वच्छ, पांढरा. म्हणायचे, "कापूस तुला, बी मला. वाटणी झाली." त्याच्या मी वर्षभर वाती करायची. इतक्या वर्षांत यांना बी सोडवताना मी कधी बघितलं नव्हतं, कारण ते तिकडे, संस्थेत व्हायचं. मला दिसायचा तो एक अभ्रा आणि एकत्र कापूस. म्हणून माझ्या मनात पक्कं बसलं होतं की यांना हवं असतं ते बी, आणि बी म्हणजे बी.

ज्याच्यासाठी वाती बोलले, त्याच्याच हातचा कापूस घरात आयता ठेवलेला. मला तो देवाचा कौल वाटला. आणि यांना बरं नाही, बोटं थरथरतात, तर एवढं सोडवायचं किचकट काम आपण करून ठेवलं तर घरी आल्यावर किती हलकं वाटेल, हेही वाटलं. खोटं कशाला सांगू, शाबासकीसुद्धा हवी होती.

मी काही टाकलं नाही. एक बी खाली पडू दिलं नाही. लोक सरकी गाईला घालतात, मी चिमूटभरही दिली नाही. पोचट बिया तेवढ्या निवडून काढल्या. बाकी सगळ्या स्टीलच्या मोठ्या डब्यात, वर फडकं, त्यावर झाकण. पिशव्या धुऊन, इस्त्री करून, घडी घातली. चिठ्ठ्यासुद्धा फेकल्या नाहीत. शेचाळीसच्या शेचाळीस मोजून रबर लावून ठेवल्या.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात हे घरी आले. नऊ तारखेला सकाळी कीर्तना आली. कीर्तना यांच्या हाताखाली डॉक्टरेट केलेली, आता संस्थेत शास्त्रज्ञ. तीही तंजावरकडची मराठी. वडिलांना कीर्तनाचं वेड म्हणून नाव कीर्तना, पण ही जन्मात एका कीर्तनाला पूर्ण बसलेली नाही. मी चिडवायची, "नाव बदल, नाहीतर बूड टेकव." ती म्हणायची, "मामी, नांव बाबांनी ठेविलें, बूड माझें आहे."

त्या दिवशी ती जिना धावतच चढली होती. दुसऱ्या एका केंद्राने या हंगामात एकतीसचं बी लावून बघायचं कबूल केलं होतं. तिथल्या जाळीत, तिथल्या तुडतुड्यांवर. तिथेही टिकलं तर यांच्या नावाने त्याची नोंद झाली असती. आणि फेब्रुवारीच्या आत झाली असती. फेब्रुवारी हा शब्द तिने आणि यांनी एकमेकांकडे न बघता उच्चारला.

"मामी, पिशव्या कोठें? एकतीसची तेवढी नेतें."

"पिशव्या कशाला?" मी म्हटलं. मी तर याच क्षणाची वाट बघत होते. "सगळं तयार आहे बाई तुझं." आणि मी आतून डबा आणून यांच्या पुढ्यात ठेवला. फडकं काढलं. "बघा. एक बी वाया घालवलं नाही. नऊ दिवस बसले होते."

कीर्तनाने डब्यात पाहिलं. मग इकडे तिकडे पाहिलं, जणू अजून कुठे पंचेचाळीस डबे असतील. तिचं तोंड उघडलं, पण त्याच्या आत यांनी हात वर केला. तो हात मला पिवळा, काटकुळा, अजून दिसतो. मग तोच हात यांनी डब्यात घातला, मूठभर बी उचललं आणि हळूहळू परत डब्यात सोडलं.

"छान निवडलंस गं," म्हणाले. "पोचट एकही नाही."

मग कीर्तनाला इंग्रजीतून हळू काहीतरी सांगितलं. ती म्हणाली, "येतें सर," आणि उठलीच.

कॉफी नाही, पाणी नाही. मी तिच्यामागे गेले, दुधी हलव्याचा डबा घेऊन. दुसऱ्या मजल्यावरच्या वळणावर ती कठड्याला धरून रडत उभी होती.

"काय झालं? सरांचं काही वाईट कळलं का?"

"कांही नाहीं मामी."

"कीर्तना, माझी शपथ आहे."

"तुम्हांस सांगूं नको म्हणून सरांनी सांगितलें."

"मग आता सांगच."

तिने सांगितलं. आधी तमिळमधे, मग मराठीत, मग परत तमिळमधे. एकतीसच्या चार बोंडांत नव्वदएक बिया असतील. डब्यात बारा हजार. बी बघून कुठलं कोणाचं ते ओळखू येत नाही, ब्रह्मदेव आला तरी नाही. लवेचं झाड असतं तर उगवल्यावर पानावरून कळलं असतं. पण एकतीसचं पान गुळगुळीत, आणि बाकीच्यांतल्या निम्म्याअधिकांचंही गुळगुळीतच. म्हणजे प्रत्येक बी पेरायचं, प्रत्येक झाड वेगळं झाकायचं, त्यावर तुडतुडे सोडायचे, आणि दहा-बारा दिवस थांबायचं. झाड जाळून टाकलेलं.

"म्हणजे बी आहे," मी म्हटलं. "बी आहे ना पण?"

"आहे मामी," ती म्हणाली. "सगळें आहे."

हलव्याचा डबा मी तिच्या हातात दिला आणि वर आले. यांनी डब्याला परत फडकं बांधलं होतं. मला बघून म्हणाले, "काय म्हणाली पोरगी? धावतच गेली."

"तिला बस गाठायची होती," मी म्हटलं.

तेव्हापासून आम्ही दोघं एकमेकांशी खोटं बोलायला लागलो. तीस वर्षांच्या संसारात भांडलो खूप, पण खोटं बोलायची वेळ आली नव्हती. आम्हाला ते येतही नव्हतं. हे दुपारी डबा घेऊन बसायचे, भिंग लावून एकेक बी बघायचे, ताटलीत ढीग करायचे, परत मोडायचे. मी विचारलं की म्हणायचे, "वेळ घालवतोय." मी जवळ बसून वाती वळायची. माझ्या मांडीवर यांचा कापूस, यांच्या मांडीवर त्याचं बी. मला वाटायचं, हा कापूस हातातून टाकून द्यावा. पण वाती थांबवल्या तर यांना कळेल की मला कळलंय. म्हणून वळतच राहिले.

दोन दिवसांनी हे सहज बोलल्यासारखं बोलले, "कीर्तना म्हणतेय, जाळीच्या खोलीत कोपरा मिळेल. दोनशे कुंड्यांपुरता. थोडं बी लावून बघू म्हणते."

"बरं की."

"दोनशेत गंमत म्हणून हिशेब केला तर एकतीसची दीड झाडं निघायला पाहिजेत." हसले. "एक मला, अर्धं तुला."

"मला अर्धं का?"

"तुला कापूस मिळालाय ना आधीच."

हसता हसता यांना खोकला आला आणि मी पाठ चोळली. पाठीची हाडं मोजता येत होती.

कीर्तनाने दोनशे बिया डोळे मिटून उचलल्या म्हणे. मी म्हटलं होतं तसं, देवाचं नाव घेऊन. तिने घेतलं की नाही माहीत नाही, पण "घेतलें" म्हणाली. महिनाभर मी दर गुरुवारी मांबलमहून अड्यारला जायची. यांना सांगायची, अन्नपूर्णाबाईंबरोबर देवळात जाते. जाळीच्या खोलीत जाऊन कुंड्यांपुढे हात जोडायची. हसू नका. आमच्या बुवांनी एकदा सांगितलं होतं, की जिथे माणसाचा जीव अडकतो तिथे देवाला यावंच लागतं, आमंत्रण असो नसो. रोपं चार पानांची झाली, सहा पानांची झाली. प्रत्येकावर पातळ कापडाची टोपी. नोव्हेंबरच्या आठ तारखेला कीर्तनाने टोप्यांत तुडतुडे सोडले.

तेरा तारखेला पौर्णिमा. संध्याकाळी सहाला कीर्तन. लक्ष वाती पुऱ्या झाल्या होत्या, तुपात भिजवून मोठ्या पितळी पराती भरल्या होत्या. हे हट्टाने आले. अन्नपूर्णाबाईंनी खुर्ची ठेववली, तर म्हणाले, "खुर्चीत झोप लागत नाही, मला माझा खांब पाहिजे." बुवांसकट सगळे हसले. बुवा त्या दिवशी फार रंगले. सत्तरी उलटलेला माणूस, पण आवाज असा की रस्त्यावरचे फुलवाले दारात येऊन थांबले. आणि मी, जिने तीस वर्षं एक कीर्तन चुकवलं नाही, एक शब्द ऐकत नव्हते. माझी झांज दोनदा चुकली. मी परातींकडे बघत होते. वरच्या वाती तंजावरच्या झाडाच्या, खालच्या यांच्या. यांच्यातल्या चार बोंडांच्या वाती त्यातच कुठेतरी होत्या, त्याही मला ओळखू येणार नव्हत्या. लावल्या तेव्हा केवढा उजेड पडला! लोकांनी नामाचा गजर केला. मी मागितलं एवढंच, की माणूस नेणार असशील तर ने, तुझाच आहे, पण त्याचं झाड त्याला एकदा दाखव.

एकोणीस तारखेला सकाळी कीर्तनाचा फोन आला, "मामी, या."

मी गेले तेव्हा ती एकेक टोपी काढून पानं उलटत होती. माझ्या हातात तिने दुसरं भिंग दिलं. मी तिच्यामागून तीच पानं परत बघत गेले. एकशे साठापर्यंत मी मोजलं. प्रत्येक पानाच्या पाठीवर हिरवे, तिरके, झरझर बाजूला पळणारे. एकशे नव्वदला कीर्तनाचा हात हळू पडायला लागला. दोनशेवी कुंडी तिने मला उघडायला दिली. मी देवाचं नाव घेतलं आणि टोपी काढली. पाच तुडतुडे होते. एक माझ्या हातावर उडून बसला.

आम्ही दोघी खाली फरशीवर बसलो. कीर्तना म्हणाली, "मामी, सरांस एक आहे म्हणून सांगूं या? एकच आहे म्हणून?"

"खोटं?"

"डॉक्टर काय म्हणाले, परवां?"

डॉक्टरांनी परवा घरी येऊन बघितलं होतं आणि औषधं कमी करून फक्त दुखण्याची ठेवली होती. मी उठले. त्यातल्या त्यात ज्या झाडावर कमी खूण दिसत होती त्याचं एक पान खुडलं. भिंगातून बघत नीट पुसून घेतलं. ओल्या रुमालात गुंडाळलं. परतीच्या बसमधे ते मांडीवर धरून बसले होते आणि मनात पाठ करत होते, काय बोलायचं ते. मुलीला पहिल्यांदा दाखवायला निघालेली आई तरी एवढी घाबरत नसेल.

हे पडून होते. मी उशाशी बसले.

"अहो. कीर्तनाने पाठवलंय. एक झाड निघालं. एकशे बाराव्या कुंडीत. एकही तुडतुडा नाही त्याच्यावर."

यांनी माझ्याकडे बघितलं. "तू अड्यारला गेली होतीस?"

"हो."

"म्हणजे तुला माहीत होतं."

"पहिल्या दिवसापासून."

"आणि दर गुरुवारचं देऊळ?"

"तेच."

हे डोळे मिटून हसले. "किती वाईट खोटं बोलतो आपण," म्हणाले. मग म्हणाले, "भिंग दे."

मी उशीखालचं भिंग दिलं. पान यांच्या छातीवर ठेवलं. हात थरथरत होता, म्हणून मी मनगट धरलं. यांनी पान उलटलं. देठापासून टोकापर्यंत, शिरेशिरेने बघत गेले. मला वाटलं, आता म्हणतील. एकोणतीस वर्षं पानं बघितलेला माणूस, त्याला मी काय फसवणार?

"हेच," हे म्हणाले. "हेच गं विद्यू. एकतीस."

मी यांच्या पायांवर डोकं ठेवलं आणि पोटभर रडले. हे माझ्या केसांवरून हात फिरवत राहिले. मला वाटलं, सुटलो आपण. देवाने झाड दिलं नाही, पण माझं खोटं तरी पदरात घेतलं.

त्यानंतर हे बारा दिवस होते. त्या झाडाबद्दल पुन्हा बोलले नाहीत. एकदा फक्त विचारलं, "बाकीचं बी कुठे ठेवलंत?" मी म्हटलं, कीर्तनाने शीतगृहात ठेवलंय, डब्यासकट. "चांगलं केलंत," म्हणाले. "डबा हवाबंद आहे ना?" मार्गशीर्ष लागला आणि चौथ्या दिवशी, भर सकाळी, बाहेर भाजीवाली ओरडत असताना हे गेले. बुवा आले, अंगणात उभं राहून त्यांनी नाम घेतलं. मी झांज हातात घेतली नाही.

चौदाव्या दिवशी कीर्तना यांच्या वह्या न्यायला आली. संस्थेच्या ग्रंथालयात ठेवायच्या होत्या. यांचे अहवाल इंग्रजीत असायचे, पण रोजची वही मराठीत. "झाडाशी इंग्रजी बोलायला मला जमत नाही," म्हणायचे. सतरा वह्या होत्या. मी प्रत्येकीवरची धूळ पुसली. शेवटची वही निम्मी कोरी होती. ती मी उघडली.

नऊ ऑक्टोबरच्या पानावर एकच ओळ होती. "३१ चे बी इतर बियांत मिसळले गेले." कोणी मिसळलं, कसं, काही नाही. यांच्या वहीत कुंडी फुटली तरी लिहिलेलं असायचं, कोणाच्या हातून फुटली. स्वतःच्या हातून फुटली तर स्वतःचं नाव. इथे फक्त "गेले".

आणि एकोणीस नोव्हेंबरला, अक्षर वाकडंतिकडं, ओळ खाली उतरत गेलेली, "विद्युलतेने पान आणले. मधल्या शिरेजवळ टोचल्याच्या खुणा तीन. कड पिवळी पडू लागली आहे. हे ३१ नव्हे. तिला होय म्हटले."

त्याच्याखाली काही नव्हतं.

कीर्तना माझ्या खांद्यावरून वाचत होती. तिने माझ्या पाठीवर हात ठेवला. मी रडले नाही. उठले, देवघरातल्या फळीवरून पेन आणलं, आणि नऊ ऑक्टोबरचं पान काढलं.

"मामी, नको," ती म्हणाली. "सरांनी तसेंच ठेविलें, राहूं द्या."

"तुझ्या सरांच्या वहीत एवढीच एक ओळ अर्धी आहे बाई," मी म्हटलं. "पुढे कोणी हा डबा उघडला, तर बी का मिसळलं ते त्याला कळायला नको?"

मी "मिसळले गेले" याच्यापुढे लिहिलं, "मी मिसळले. त्यांनी बी वेगळे ठेवले होते. पिशव्यांवर नंबर होते. मला वाटले, बी म्हणजे बी. विद्युलता." तारीख घातली. माझं अक्षर यांच्या अक्षराशेजारी फारसं परकं दिसत नव्हतं. शाई वाळेपर्यंत वही उघडीच धरली, आणि मग कीर्तनाच्या हातात दिली.